ढग, बर्फ आणि मामाची द्राक्षबाग

आजचा भाग थोडा वेगळा आहे. सुरुवात माझ्या एका फसलेल्या कोडपासून होते आणि गाडी थेट हिमालयात जाते. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" फार होतात, ते बरेचसे काढलेत. थोडे राहिले असतील, सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, मी हवामानशास्त्रज्ञ नाही. बीटेक केलंय, पुण्यात बॅकएंडचं काम करतो. ढगांमध्ये मी शिरलो ते एका चुकीमुळे.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. नाशिककडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात आणि आपण पुण्या-मुंबईचे लोक "वा, काय थंडी" म्हणून ते फॉरवर्ड करतो. तिकडे बागायतदार त्या रात्री झोपलेला नसतो. मण्यात पाणी उतरायच्या सुमारास कडाक्याची थंडी पडली की मण्यांना तडे जातात. तडा गेलेला मणी व्यापारी घेत नाही. म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, ठिबक किंवा विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच गरम असतं, तेवढाच आधार.

आणि उलट बाजूही आहे. आकाश ढगाळ झालं की थंडी पळते, पण डावणी आणि भुरी येते, मग फवारणीचा खर्च. म्हणजे निरभ्र आकाश असेल तर लाकडं, ढगाळ असेल तर औषधं. मामा म्हणतात, "आमचं वर बघणं सुटत नाही."

तर दोन वर्षांपूर्वी मी उत्साहात एक स्क्रिप्ट लिहिली. फुकट मिळणाऱ्या हवामानाच्या एपीआयवरून रात्रीचा अंदाज ओढायचा आणि संध्याकाळी आठ वाजता मामांना मेसेज पाठवायचा: आज शेकोट्या लागतील, किंवा नाही लागणार. नियम अगदी साधा. आकाशात साठ टक्क्यांहून जास्त ढग दिसत असतील तर "नाही". कारण शाळेत शिकलोय ना, ढगाळ रात्र उबदार असते. पहिले पंधरा-वीस दिवस मस्त चाललं. मामा गावात सांगत सुटले, भाच्याने मोबाइलमध्ये बसवलंय म्हणून.

मग जानेवारीतली एक रात्र. एपीआयने सांगितलं, ढग ७२ टक्के. स्क्रिप्टने मेसेज पाठवला: शेकोटी नको. मामा झोपले. पहाटे उठले तेव्हा बागेतल्या थर्मामीटरवर चार अंश. नाल्याच्या बाजूचा अर्धा एकर उताराला आहे. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने खाली जाऊन साठते. त्या अर्ध्या एकरात मण्यांना तडे गेले. पुढे व्यापाऱ्याने त्याच कारणावरून सगळ्याच मालाचा भाव पाडला.

मी फोन केला तेव्हा मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "अरे, रात्री बाहेर आलो तर चंद्राला खळं होतं. चांगला लख्ख दिसत होता चंद्र. ढग कुठले? पण म्हटलं, तुझा मेसेज आलाय."

ते "पण म्हटलं, तुझा मेसेज आलाय" माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही. आणि तिथून मी वाचायला लागलो.

आता मुद्द्यावर येऊ. रात्री जमीन गार का होते? सूर्य नसतो म्हणून, हे अर्धं उत्तर. जमीन सतत उष्णता बाहेर फेकत असते, दिवसाही आणि रात्रीही. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. दहा अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरला साधारण ३६० वॉट बाहेर टाकते. हा आकडा स्टेफान-बोल्ट्झमानच्या नियमातून निघतो, बारावीच्या फिजिक्समध्ये होता, आपण पाठ करून विसरलो. पण आकाशही गप्प बसलेलं नसतं. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड हेही उष्णता खाली पाठवत असतात. हिवाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री वरून अडीचशेच्या आसपास वॉट परत येतात. म्हणजे शंभरेक वॉटचा तोटा. प्रत्येक चौरस मीटरवर शंभर वॉटचा एक जुना पिवळा बल्ब उलटा चालतोय असं समजा. एका एकरात असे चार हजार बल्ब, रात्रभर.

आता डोक्यावर एखाद-दीड किलोमीटर उंचीवर ढगांचं दाट छत आलं. ढगातले पाण्याचे थेंब अवरक्त किरणांसाठी जवळजवळ काळ्या तव्यासारखे असतात, सगळं शोषतात आणि आपल्या तापमानाप्रमाणे परत फेकतात. खालचा ढग पाच अंशांचा असेल तर तो ३३०-३४० वॉट खाली पाठवतो. शंभरचा तोटा वीस-पंचवीसवर येतो. गोधडीच म्हणा.

माझी चूक इथेच होती. एपीआयमधला तो ७२ टक्के आकडा एकूण ढगांचा होता. त्यात खालचे, मधले, वरचे असे वेगळे रकाने होते, आणि मी ते वाचलेच नव्हते. डॉक्युमेंटेशन न वाचणारा इंजिनिअर, दुसरं काय. त्या रात्रीचे ढग जवळजवळ सगळे वरचे होते, दहा किलोमीटरच्या आसपासचे, पातळ, पिसांसारखे. त्या उंचीवर उणे चाळीस, उणे पंचेचाळीस तापमान असतं. एक तर ढग इतका गार, त्यात इतका पातळ. तो जमिनीला फार तर पाच-दहा वॉट परत देतो. गोधडीच्या जागी मी मच्छरदाणी धरली होती.

आणि चंद्राचं खळं? ते त्याच वरच्या ढगांमुळे पडतं. त्यांच्यात पाण्याचे थेंब नसतात, बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात. त्यांच्यातून चंद्राचा प्रकाश साधारण २२ अंशांनी वळतो आणि चंद्राभोवती मोठं वर्तुळ दिसतं. म्हणजे मामांना दिसलेलं खळं हेच सांगत होतं की ढग आहेत, पण उंच आहेत आणि पातळ आहेत. माझ्या स्क्रिप्टला जे कळलं नाही ते अंगणातून दिसत होतं.

इथे जाता जाता एक गोष्ट. शेकोटीचा धूर ढगासारखं पांघरूण घालतो असं बरेच जण सांगतात, म्हणून मुद्दाम ओला पालापाचोळा जाळतात. पण धुराचे कण इतके बारीक असतात की अवरक्त किरण त्यांच्यातून जवळजवळ तसेच निघून जातात. उपयोग होतो तो आगीच्या धगीचा, आणि त्या धगीने वरची-खालची हवा ढवळली जाते त्याचा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा सगळ्यात गार आणि थोडी वरची त्याहून गरम असते. त्यामुळे ढवळणं कामाचं. धूर फक्त डोळ्यांत जातो.

बरं, हे झालं रात्रीचं. दिवसा ढग नेमकं उलटं काम करतात, छत्रीचं. याचं सगळ्यात भारी उदाहरण मला पुण्यातच मिळालं. पुण्याचं अक्षांश साडेअठरा. म्हणजे सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते. विचार करा, दोन्ही दिवशी सूर्य तोच, कोन तोच. मेमध्ये पुण्याचं कमाल तापमान सदतीसच्या आसपास, आणि जुलैत अठ्ठावीस. नऊ अंशांचा फरक! सगळं श्रेय ढगांचं नाही. ओल्या जमिनीतून पाण्याची वाफ होते त्यातही बरीच उष्णता खर्च होते, वारा समुद्रावरून येतो. पण मोठा वाटा ढगांचाच. रात्रीचं बघा. जुलैत पुण्यात रात्र बावीस-तेवीसची, म्हणजे दिवस-रात्रीत पाच-सहा अंशांचाच फरक. फेब्रुवारीत दिवस बत्तीस, रात्र बाराची, फरक वीस अंश. दुपारी टी-शर्टमध्ये आणि पहाटे स्वेटरमध्ये, हा जो आपला फेब्रुवारी असतो ना, तो बिनढगांच्या आकाशाचा परिणाम.

मग एकूण हिशोब काय? पृथ्वीचा साधारण दोन तृतीयांश भाग कुठल्याही क्षणी ढगांखाली असतो. सगळ्या जगाची सरासरी काढली तर ढग दर चौरस मीटरला पन्नासेक वॉट सूर्यप्रकाश परत पाठवतात आणि तीसच्या आसपास वॉट उष्णता अडवून धरतात. निव्वळ वीसेक वॉटची थंडाई. पण सरासरी फसवी असते, जागा बघावी लागते. उष्ण कटिबंधातल्या उंच गडगडाटी ढगांमध्ये ही जमा-खर्चाची बाजू जवळजवळ बरोबरीत सुटते असं समजलं जात होतं. आपल्या मान्सूनच्या प्रदेशात मात्र तसं होत नाही, हे एम. राजीवन आणि जे. श्रीनिवासन यांनी २००० साली उपग्रहाच्या आकड्यांवरून दाखवलं. इथे पावसाळ्यातले ढग इतके दाट आणि इतके पसरलेले असतात की छत्री गोधडीवर मात करते. जुलैतला भारत वरून बघितला तर खरोखर एक मोठा पांढरा आरसा आहे.

आता बर्फ. इथे मला आधी माझ्या नाकाबद्दल सांगावं लागेल.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही सहा जण उत्तराखंडात केदारकंठाला गेलो होतो, डिसेंबरअखेर. साडेबारा हजार फुटांची चढाई, सगळीकडे बर्फ. टोपी होती, गॉगल होता, चेहऱ्याला क्रीमही लावलं होतं. परत आल्यावर माझं नाक खालच्या बाजूने सोललं. नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या खाली. सूर्य वर, आणि भाजलो खालून! ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. जुना, मळका बर्फ त्याच्या निम्म्यावर येतो. उघडी माती वीसेक टक्के, आणि समुद्र तर पाच-सहाच टक्के. म्हणजे एकाच डोंगरावर बर्फ पडला की तो डोंगर सूर्यासाठी एका रात्रीत वेगळाच पदार्थ होतो.

पण गंमत इथे संपत नाही. दिसणाऱ्या प्रकाशात एवढा पांढरा असलेला बर्फ अवरक्तात जवळजवळ पूर्ण काळा असतो. म्हणजे दिवसा घ्यायचं काही नाही आणि रात्री मात्र हात सैल सोडून उष्णता उधळायची. त्यात भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, थर्माकोलसारखी. त्यामुळे खालच्या जमिनीतली ऊबही वर येत नाही. निरभ्र रात्री बर्फावरची हवा इतकी गोठवणारी का होते ते यावरून कळतं.

त्या ट्रेकला दुसऱ्या रात्री आभाळ भरून आलं. आम्ही सगळे घाबरलो, आता बर्फ पडणार, मेलो. आमचा गाइड, तिथलाच मुलगा, उलट खूश. म्हणाला, आज झोप लागेल. आणि खरंच आदल्या रात्रीपेक्षा ती रात्र बरी गेली. तेव्हा मला ते नुसतं नशीब वाटलं होतं. आता कळतं की बर्फावर ढग आले की छत्रीचा गुण जवळजवळ बाद होतो. खाली आधीच पांढरं आहे, वर आणखी एक पांढरं आलं तर जास्तीचं काय परत जाणार? उरतो तो गोधडीचा गुण. म्हणून आर्क्टिकमध्ये वर्षाचा बहुतेक काळ ढग जमिनीलगतची हवा गरमच करतात. ग्रीनलंडमध्ये जुलै २०१२ मध्ये जवळजवळ संपूर्ण बर्फाच्या चादरीचा पृष्ठभाग काही दिवस वितळला होता, अगदी तीन हजार मीटरवरच्या माथ्यासकट. तिथे गरम हवा आली होती हे खरंच, पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की खालच्या पातळ, पाण्याच्या थेंबांच्या ढगांनी तिला हात दिला. ढग सूर्याला थोडी वाट देतील इतके पातळ होते आणि उष्णता अडवतील इतके दाट. तोच ढग निफाडच्या काळ्या मातीवर दुपारी आला असता तर गारवा देऊन गेला असता.

मला वाटतं हीच गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त चकवते. "ढग थंड करतात की गरम?" असा प्रश्न विचारला की मी आता विचारतो, कुठले, किती वाजता आणि कशावर?

आता आपल्याकडचं एक लाडकं वाक्य घेऊ. "हिमालयात बर्फ पडला, म्हणून इकडे थंडी वाढली." टीव्हीवर दर हिवाळ्यात असतं. हे पूर्ण खोटं नाही, पण त्यातलं चित्र चुकीचं आहे. असं वाटतं की बर्फावरचा गार वारा घसरत घसरत नाशिकपर्यंत येतो. पण हवा खाली उतरताना दाबली जाते आणि तापते, कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंश. चार किलोमीटरवरची उणे पंधरा अंशांची हवा समुद्रसपाटीपर्यंत उतरवली तर पंचवीस अंशांची होईल! म्हणजे हिमालयातली हवा तशीच आपल्या दारात आली तर आपल्याला थंडी वाजणार नाही.

खरं काय होतं, तर भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी चक्रावात येतात, बातम्यांत ज्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते. ते हिमालयावर बर्फ टाकतात, पंजाब-हरियाणावर ढग आणि पाऊस आणतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून वायव्येकडून कोरडे, गार वारे मैदानातून खाली येतात. हे वारे राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेश-नाशिकपर्यंत पोचतात. हवेतली वाफ कमी होते, आकाश धुऊन काढल्यासारखं होतं, आणि मग रात्री ते चार हजार उलटे बल्ब आपलं काम करतात. म्हणजे हिमालयातला बर्फ आणि निफाडची थंडी ही एकाच बापाची दोन लेकरं. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

पण हिमालयाच्या बर्फाचा आपल्याशी एक जुना, गंभीर संबंध जोडला गेलाय, तो थंडीशी नाही, पावसाशी. आणि ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिचा शेवट पुण्यात होतो.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लगेच १८७६-७८ चा तो भयंकर दुष्काळ. दख्खनेत, म्हैसूर-मद्रासकडे लाखो माणसं मेली. सरकारला प्रश्न पडला, पाऊस येणार की नाही हे आधी कळेल का? ब्लॅनफर्डनी १८८४ मध्ये एक निबंध मांडला: हिमालयात उशिरापर्यंत भरपूर बर्फ राहिला की त्या वर्षी कोरडे वारे टिकतात आणि मान्सून कमजोर होतो. विचार सरळ होता. मान्सून जमिनीच्या तापण्यावर चालतो. बर्फ ऊन परत फेकतो. उरलेलं ऊन बर्फ वितळवण्यातच जातं, एक किलो बर्फ नुसता वितळवायला लागणाऱ्या उष्णतेत एक किलो पाणी ऐंशी अंशांनी तापेल. आणि वितळल्यावर जमीन ओली राहते, तीही सावकाश तापते. म्हणजे बर्फ मेमध्ये संपला तरी त्याची आठवण जूनपर्यंत राहते. या आधारावर १८८६ पासून हवामान खात्याने मान्सूनचे अधिकृत दीर्घकालीन अंदाज द्यायला सुरुवात केली.

पुढे खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं, तिथून १९२८ मध्ये ते पुण्यात आलं. शिवाजीनगरला आपण ज्याला "सिमला ऑफिस" म्हणतो ते हेच. मी चार वर्षं त्या चौकात बस पकडली आणि सिमल्याचं ऑफिस पुण्यात काय करतंय हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

ब्लॅनफर्डकडे बर्फाची माहिती होती ती डोंगरातल्या अधिकाऱ्यांच्या पत्रांमधून. उपग्रह आल्यावर १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ला यांनी १९६७ पासूनचे आकडे घेऊन पुन्हा तेच तपासलं, या वेळी सगळ्या युरेशियातला बर्फ धरून. हिवाळ्यात बर्फ जास्त, तर पुढचा मान्सून कमी, असा संबंध दिसला. पण वर्षं होती जेमतेम नऊ. नऊ डेटा पॉइंट्स! आमच्या ऑफिसमध्ये कुणी नऊ ओळींवर मॉडेल बसवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतील. अर्थात तेव्हा तेवढेच होते, आणि त्यांनीही शीर्षकातच "दिसणारा संबंध" असं जपून म्हटलं होतं.

मग १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं मॉडेल आलं. आपले पुण्याचे गोवारीकर. त्या सोळांत हिमालयातला बर्फ होता आणि युरेशियातलाही होता. १९८८ ते २००१, सलग चौदा वर्षं देशाचा पाऊस सर्वसाधारण राहिला आणि मॉडेलही तेच सांगत राहिलं. सगळे खूश. २००२ साली सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. जुलैत तर साधारण निम्माच पडला. दुष्काळ. पुढच्याच वर्षी घटक कमी करून नवी मॉडेल्स आणली गेली.

मी गोवारीकरांना नावं ठेवणार नाही. त्या काळात देशी मॉडेल उभं करणं मोठं काम होतं, आणि शेतकऱ्यांपर्यंत अंदाज पोचवायची त्यांची तळमळ खरी होती. पण कोड लिहिणारा माणूस म्हणून हे वाचताना अंगावर काटा आला. चौदा वर्षं सगळं बरोबर येत होतं कारण आकाशाने कठीण प्रश्नच विचारला नव्हता. माझे पंधरा-वीस दिवस आठवले.

बर्फ आणि मान्सूनचा संबंध नंतरच्या दशकांत आकड्यांमध्ये फिकट पडत गेला. प्रशांत महासागरातला एल निनो हा मोठा खेळाडू आहे, तो बर्फावरही परिणाम करतो आणि मान्सूनवरही. त्यामुळे बर्फ हे कारण की नुसतं लक्षण, हे वेगळं काढणं अवघड. २०१० मध्ये बूस आणि कुआंग यांनी आणखी एक धक्का दिला. त्यांनी मॉडेलमध्ये तिबेटचं पठार सपाट केलं आणि हिमालयाची नुसती भिंत ठेवली, तरी मान्सून बराचसा तसाच आला. म्हणजे पठाराच्या तापण्यापेक्षा उत्तरेची कोरडी, गार हवा अडवणारी भिंत जास्त महत्त्वाची. मग पठारावरच्या बर्फाला किती भाव द्यायचा? माझं मत विचाराल तर बर्फाचा हात आहे, पण दरवर्षी तोच पत्ते पिसतो असं नाही. आज पाषाणच्या आयआयटीएममध्ये जी मॉडेल्स चालतात त्यांत बर्फ हा बाहेरून दिलेला आकडा नसतो. समुद्र, ढग, जमीन यांच्याबरोबर तोही आतच गणला जातो. आणि त्यांत अजूनही सगळ्यात जास्त त्रास देतात ते ढग. मॉडेलचा एक चौकोन काही किलोमीटरचा असतो आणि ढग त्यात मावून वर जागा उरते.

बर्फ कमी होतोय याचे आकडेही समोर आहेत. काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं की त्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, २३ वर्षांतलं सगळ्यात कमी. याचा थेट फटका सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांना. गोदावरी-कृष्णा पावसावरच्या नद्या आहेत, त्यांना बर्फाचं पाणी नाही. त्यामुळे "हिमालय वितळला तर गंगापूर धरण आटेल" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. आणि बर्फ कमी म्हणजे मान्सून चांगला, असा ब्लॅनफर्डचा नियम उलटा करून आनंदही मानू नका. तो नियम आता इतका भरवशाचा राहिलेला नाही.

हं, स्क्रिप्टचं काय झालं ते राहिलंच. टाकून दिली नाही. आता ती खालच्या, मधल्या आणि वरच्या ढगांचे रकाने वेगळे वाचते, वाऱ्याचा वेग आणि हवेतला ओलावाही बघते. नाल्याकडच्या अर्ध्या एकरात एक स्वस्त सेन्सर बसवलाय. तो तीन वाजता सहा अंशांच्या खाली गेला की मामांचा फोन वाजतो. मेसेज नाही, फोन. आणि "शेकोटी नको" असं ती आता कधीच सांगत नाही. फक्त आकडे सांगते. ठरवतात मामा.

त्या वर्षीचं नुकसान भरून द्यायचं मी एकदा बोललो होतो. मामांनी विषय बदलला. मामींनी मात्र नंतर हळूच सांगितलं की त्या पैशातून घराच्या मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. तो यंदा पडला.

परवा रात्री मामांचा फोन आला. म्हणाले, "तुझ्यात ढग किती दाखवतंय?"

म्हटलं, "ऐंशी टक्के, पण सगळे वरचे."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दार उघडल्याचा आवाज आला. म्हणाले, "हां, खळं आहे. लाकडं काढतो."

चला, भेटू पुढच्या भागात.